इंजिन नवे, रूळ जुने

मूर्तिजापूरच्या फलाटावर उभे राहून ज्यांनी 'शकुंतले'ची वाट पाहिली आहे, त्यांना १९९४ साल आठवत असेल. एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी धावणारी ती अरुंद रुळांची गाडी. तिला तोवर मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन होते. सत्तर वर्षांच्या चाकरीनंतर त्या एप्रिल महिन्यात ते काढून डिझेलचे इंजिन जोडण्यात आले. आता गाडी झपाझप धावेल, असे कुणालाही वाटावे. पण तसे झाले नाही. इंजिन नवे आले तरी रूळ जुनेच होते, आणि जुन्या रुळांवर जेवढा वेग झेपेल तेवढ्याच वेगाने गाडी चालत राहिली. पुढे तर ती बंदच झाली.

आज मला आपणांस शकुंतलेची गोष्ट सांगावयाची नाही. सांगावयाचे आहे ते आपल्या अंगणातल्या जुन्या डिझेल गाडीविषयी. परंतु जी चूक रुळांच्या बाबतीत घडली, नेमकी तीच चूक आपण त्या गाडीच्या बाबतीत करीत असतो. म्हणून सुरुवात तिथून केली.

वऱ्हाडात अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत. कुणाच्या गोठ्याशेजारी महिंद्राची जीप उभी असते, कुणाकडे मॅटाडोर, कुणाकडे वडिलांच्या काळची डिझेल ॲम्बॅसॅडर. अमरावती-परतवाडा किंवा अकोला-अकोट रस्त्यावर 'काळी-पिवळी' चालवून ज्यांनी संसार उभा केला, त्यांपैकी कित्येकांनी ती गाडी विकलेली नाही. दिवसा अशी गाडी ठणठणीत चालते. रात्री मात्र तिचे दुखणे बाहेर पडते. परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालकडे निघावे, पाऊस लागावा, वायपर सुरू करावा, आणि समोरचे दिवे देवघरातल्या समईसारखे मिणमिण करू लागावेत! मग मालक ठरवितो की 'लाइट देणारे यंत्र' मोठे बसवावयाचे. बाजारातून जुना पण मोठा अल्टरनेटर येतो, पान्हे निघतात आणि रविवारच्या दुपारी घरच्या घरी काम सुरू होते.

हे काम घरी होण्याजोगे आहे, यात शंका नाही. पण ते नीट व्हावयाचे तर या यंत्राचा इतिहास थोडा ठाऊक असावा लागतो. कारण या यंत्राच्या सगळ्या खोडी त्याच्या इतिहासातून आलेल्या आहेत.

१८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला म्हणजे तारेत वीज उत्पन्न होते. दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या पिक्सी नावाच्या कारागिराने हाताने फिरविण्याचे एक यंत्र केले. चुंबक गरगर फिरे आणि तारेतून वीज निघे. पण एक अडचण होती. चुंबकाचे उत्तर टोक तारेजवळ आले की वीज एका दिशेने वाही आणि दक्षिण टोक आले की उलट दिशेने वाही. विहिरीवर दोघांनी दोर धरून एकदा याने ओढावा, एकदा त्याने ओढावा, तसा हा प्रकार. ही उलटसुलट वाहणारी वीज त्या काळी निरुपयोगी वाटे. तेव्हा अँपिअर या विद्वानाच्या सूचनेवरून पिक्सीने त्या यंत्राला एक 'दिशा पालटणारी' युक्ती जोडली, म्हणजे बाहेर येणारी वीज एकाच दिशेने येईल. हीच आपल्या मिस्त्रीलोकांच्या बोलण्यातली कॉम्युटेटर. तांब्याच्या पट्ट्यांचा तो गोल कडा आणि त्याला घासणारे कार्बन, हे पुढे डायनामोचे हृदय होऊन बसले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. उलटसुलट वीज देणारे यंत्र, म्हणजे अल्टरनेटर, हे मूळचे. डायनामो हा त्याच्यावर चढविलेला साज. असे असूनही गाडीत आधी शिरला तो डायनामो. का? तर गाडीतली बॅटरी एकाच दिशेने भरते. उलटी वीज गेली तर भरलेली तेवढी रिती होते.

१९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा सेल्फ आणि विजेचे दिवे एकदम आले. त्याआधी हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे, आणि दिवे असत ते कार्बाइडच्या गॅसचे. आपल्याकडे वरातीत असत तशा जातीचे. सेल्फ आला म्हणून मोठी बॅटरी आली, आणि बॅटरी भरावयाची म्हणून डायनामो आला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे मोटारीत त्याचेच राज्य होते. आपल्याकडे आलेल्या जीपगाड्या आणि सुरुवातीच्या ॲम्बॅसॅडर डायनामोवरच चालत. ॲम्बॅसॅडरच्या जातीच्या इंग्रजी मोटारींत लुकासचा जो डायनामो सर्रास असे, तो भर वेगात २२ अँपिअर देई.

तो बिचारा प्रामाणिक होता, पण त्याला दोन दोष होते. पहिला असा की जेवढी वीज निर्माण होईल तेवढी सगळी त्या दोन कार्बनांतून बाहेर काढावी लागे. म्हणून जास्त वीज काढू गेले की ठिणग्या उडत आणि कॉम्युटेटर जळे. दुसरा असा की इंजिन संथ चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नसे. उलट बॅटरीतली वीजच त्याच्यात शिरावयास पाही, म्हणून मध्ये 'कटआऊट' नावाचा पहारेकरी बसवावा लागे.

आता अकोला जिल्ह्यातल्या पारसकडे दृष्टी टाकू. बाळापूरजवळच्या या गावी १९६० च्या दशकात वीजकेंद्र सुरू झाले. आज तेथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. पारसला वीज निर्माण करणारे यंत्र कोणते? तर अल्टरनेटरच. मध्ये चुंबक फिरतो आणि भोवतीची वेटोळी स्थिर असतात. चुंबक मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणून आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. स्थिर वेटोळ्यांतून वीज काढावयाची असल्यामुळे ती कार्बनांतून न्यावी लागत नाही. कार्बनांतून जाते ती फक्त चुंबकाला जोर देणारी थोडी वीज. मोठ्या कारखान्यांनी अल्टरनेटर केव्हाच पत्करला होता. गाडीला मात्र तो परवडेना, कारण गाडीची बॅटरी एकमार्गी. उलटसुलट वीज एकमार्गी करणारे लहान, स्वस्त आणि टिकाऊ साधन जगात नव्हते. सेलेनियमच्या चकत्यांची साधने होती, पण ती अवजड. अमेरिकेतल्या काही पोलीस गाड्यांत नि बसगाड्यांत ती बसविली गेली, घरच्या मोटारीत नाही.

ते साधन मिळाले दुसऱ्या महायुद्धानंतर. सिलिकॉन डायोड म्हणतात तेच. शेतकरी बंधूंना डायोड समजावयास कठीण नाही. विहिरीतल्या पंपाच्या पाइपाला खाली फुटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. डायोड म्हणजे विजेचा फुटव्हॉल्व्ह. असे सहा डायोड एका पत्र्यावर बसविले की अल्टरनेटरच्या तिन्ही वेटोळ्यांतली उलटसुलट वीज एका दिशेने बाहेर पडते. शिवाय बॅटरीतली वीज परत फिरत नाही, म्हणजे कटआऊटचेही काम उरले नाही. १९६० साली, ज्या वर्षी आपले महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट नावाच्या मोटारीत नेमाने अल्टरनेटर बसवावयास सुरुवात केली. मग हळूहळू सगळे जग त्या वाटेने गेले. आपल्याकडे १९६१ साली स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएससारख्या कंपन्यांनी ही यंत्रे पुढे देशातच बनविली.

शिक्षक मित्रांना येथे एक प्रयोग सुचवितो. सायकलच्या चाकाला घासून चालतो त्याला आपण डायनामो म्हणतो, पण तो खरोखर अल्टरनेटर आहे. त्यात चुंबकच फिरतो. दोन लाल एलईडी दिवे घ्या. एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, असे उलटसुलट जोडा. सोबत ४७० ओहमचा एक रोधक लावा आणि सायकलचे चाक हाताने सावकाश फिरवा. दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकतील, कारण एलईडी हाही एक डायोडच आहे. उलटसुलट वीज म्हणजे काय आणि एकमार्गी वाट म्हणजे काय, हे पाच मिनिटांत साऱ्या वर्गाला दिसेल.

तर श्रोतेहो, इतिहास आपणांस काय सांगतो? अल्टरनेटर श्रेष्ठ आहे हे ठाऊक असूनही त्याला गाडीत येण्यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले, कारण त्याचा सोबती असलेला डायोड तयार नव्हता. यंत्र एकटे येत नाही, आपल्या सोबत्यांसह येते. सोबती नसतील तर चांगले यंत्रही अंगावर येते. हे सूत्र धरून आता घरच्या कामाकडे वळू.

पहिला सोबती हिशोब. आपणांस वीज लागते किती? समोरचे दोन दिवे ६० वॅटचे, म्हणजे सुमारे १० अँपिअर. मागचे व बाजूचे दिवे ३, वायपर ४ ते ५, हवेचा पंखा ८. ब्रेक दाबला की आणखी साडेतीन. बेरीज २८-२९ अँपिअर होते. २२ अँपिअरच्या डायनामोला पावसाळी रात्री का धाप लागे, ते यावरून कळते. म्हणजे ज्या गाडीत हवा थंड करणारे यंत्र नाही, तिला ४५-५० अँपिअरचा अल्टरनेटर पुष्कळ झाला. नव्वदचा घेतला म्हणून दिवे दुप्पट उजळत नाहीत. अल्टरनेटर वीज कोंबीत नाही. गाडी मागेल तेवढीच देतो.

दुसरा सोबती पट्टा. ५० अँपिअर वीज काढताना अल्टरनेटर इंजिनाकडून दीड अश्वशक्तीहून अधिक जोर घेतो. जुना डायनामो पाऊण अश्वशक्तीच्या आत घेत असे. जोर दुपटीहून वाढला आणि फॅनबेल्ट मात्र तोच, झिजून गुळगुळीत झालेला! मग तो घसरतो, ओरडतो, तापतो. त्याच पट्ट्यावर बहुधा पाण्याचा पंपही असतो. पट्टा तुटला तर दिवे जातात आणि इंजिनही उकळते. म्हणून नवा पट्टा घ्या, तिन्ही पुल्या एका ओळीत आहेत की नाही ते दोरी लावून पाहा, आणि दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे एक सेंटिमीटर दबेल इतकाच ताण ठेवा.

तिसरा सोबती वायर. आणि आग लागते ती बहुतेक येथेच. ओलिताचे पाणी दुप्पट सोडले आणि दांड तोच ठेवला तर दांड फुटतो. विजेचेही तसेच. दोन मीटर लांबीच्या चार एमएम तांब्याच्या वायरीतून ५० अँपिअर नेले तर जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि वीस वॅटवर उष्णता त्या वायरीत उतरते. दहा एमएमची वायर घेतली तर दोन्ही निम्म्याहून कमी होतात. परतीच्या वाटेकडेही पाहावयास हवे. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी हे अर्थिंगचे पट्टे गंजलेले असतील तर नव्या वायरीचा उपयोग नाही. बॅटरीजवळ एक फ्यूज अवश्य घाला. तो अल्टरनेटरच्या क्षमतेहून थोडा मोठा, पण वायरीच्या सोसण्याच्या शक्तीहून लहान असावा.

यातच एक जुने काटे-घड्याळ येते. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवर अँपिअर दाखविणारे मीटर असे आणि सगळी वीज त्याच्या पोटातून फिरून बॅटरीकडे जाई. ते ३० अँपिअरच्या बेताने केलेले असते. त्यातून पन्नास सोडले की मागचे जोड लाल होतात. ते मीटर त्या वाटेवरून काढा आणि त्याच्या जागी व्होल्ट दाखविणारे मीटर लावा.

चौथा सोबती म्हणजे दिशा. जुन्या इंग्रजी बनावटीच्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. डायनामोला ते चाले. साधारण अल्टरनेटरला ऋण टोकच बॉडीला लागते. क्षणभर जरी उलटे जोडले तरी डायोड जळतात. म्हणून आधी पाहावे, मग जोडावे. आणि पान्हा लावण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंग सोडवून ठेवावी.

पाचवी गोष्ट जुन्या सवयीची. डायनामोच्या काळात आपले मिस्त्री म्हणत, "भाऊ, गाडी चालू ठेवा अन् बॅटरीचा वायर काहाडून पाहा. बंद नाही पडली म्हंजे डायनामा चांगला." डायनामो हे सोसून घेत असे. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी सोडविली तर विजेचा असा उसळा येतो की डायोड आणि रेग्युलेटर जागच्या जागी मरतात. यंत्र बदलले तशी सवयही बदलली पाहिजे. परीक्षा करावयाची ती व्होल्टमीटरने. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवील. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना १३.८ ते १४.४. त्याखाली असेल तर पट्टा, वायर, अर्थिंग या क्रमाने शोधा. चार्जिंगचा लाल दिवा उडालेला असेल तर तो आधी बदला. पुष्कळ अल्टरनेटरांना जागे करणारी वीज त्याच दिव्यातून जाते. तसेच चॅसिसला वेल्डिंग करावयाचे असेल तेव्हा अल्टरनेटरचे जोड सोडविल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि ते केवळ डिझेल गाडीचे आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा अडविणारी झडप असते. तिच्यामुळे जी ओढ उत्पन्न होते तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. जुन्या डिझेल इंजिनात बहुधा ती झडप नसते, म्हणून ती ओढही नसते. तिच्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लावतात, आणि अनेक डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. बाजारातून आणलेल्या मोठ्या अल्टरनेटरच्या पाठीला तो नसेल तर? दिवे लख्ख लागतील, मालक खूष होईल, आणि चिखलदऱ्याच्या उतारावर पहिल्यांदा पाय ठेवील तेव्हा ब्रेकचे पेडल दगडासारखे कठीण लागेल. गाडी थांबावयास दुप्पट जोर लागेल. घाटात तेवढा अवधी मिळतोच असे नाही.

म्हणून जुना अल्टरनेटर काढतानाच त्याची पाठ पाहा. पंप असेल तर नवा त्याच जातीचा, पंपासह घ्या. पंपाला इंजिनाचे तेल येण्याची आणि परत जाण्याची नळी असते. ती सैल राहिली तर तेल वाहून जाईल आणि इंजिनच जाम होईल. काम संपल्यावर एक साधी परीक्षा करा. इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत चार-सहा वेळा दाबा. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडे आपोआप खाली गेले तर बूस्टरला ओढ मिळते आहे. नाही गेले तर ती गाडी अंगणाबाहेर काढू नका.

आपल्या मुलखाचे हवामानही विसरून चालणार नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक. तापलेला अल्टरनेटर कमी वीज देतो आणि डायोड लवकर मरतात. त्यात काळ्या मातीची धूळ जाळीत बसली म्हणजे वारा बंद. उन्हाळ्यात आणि कापसाच्या हंगामानंतर एकदा हवेच्या फवाऱ्याने ते साफ करावे. बॅटरीचे पाणीही त्याच दिवशी पाहावे.

इतके सगळे करावयाचे म्हणजे खर्च वाढतो, असे कुणी म्हणेल. वाढतो खरा. पट्टा, वायर, फ्यूज, अर्थिंगचे पट्टे मिळून जुन्या बाजारातल्या अल्टरनेटरच्या किमतीशी स्पर्धा करू शकतात. पैसे कमी असतील तर माझी सूचना उलटी आहे. आधी वायर, अर्थिंग आणि पट्टा नवे करा, आणि व्होल्टमीटर लावून पाहा. पुष्कळदा असे आढळते की जुनेच यंत्र पुरे होते. त्याची वीज दिव्यापर्यंत पोहोचत नव्हती, एवढेच. तरीही उणे राहिले तर मग अल्टरनेटर बदला. रूळ आधी, इंजिन मागून.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एका संध्याकाळी एवढे करावे. इंजिन संथ चालू ठेवावे, दिवे, वायपर, पंखा सगळे लावावे आणि बॅटरीवर व्होल्टमीटर धरावा. मग बॉनेट उघडून अल्टरनेटरच्या पाठीमागे टॉर्चने पाहावे. घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बोलवावे, आणि मीटरचा आकडा त्यालाच वाचावयास सांगावा.